खिडकी उघडी आहे का? ग्रुपवर आलेली सिनेमाची लिंक बघायची की नाही, हे ठरवण्याची रीत

शुक्रवारी सिनेमा लागतो. शनिवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी काका लिंक टाकतात आणि खाली लिहितात, 'प्रिंट बरी आहे, उडवायच्या आत बघून घ्या.' बघावं का, याला 'सगळेच बघतात' आणि 'चोरी ती चोरीच' अशी दोन तयार उत्तरं आहेत. दोन्हींमुळे डोकं चालवायचे कष्ट तेवढे वाचतात. नीट ठरवायचं तर प्रश्न क्रमानं विचारावे लागतात. ही लिंक कसली आहे? सिनेमा रीतसर कुठे मिळतो का, म्हणजे त्याची तिकीटखिडकी उघडी आहे का? मिळत नसेल, तर माझ्या बघण्यानं कुणाचे पैसे अडतात? आणि बघता बघता मी तो पुढे वाटत तर नाही ना? सवय झाली की याला दहा मिनिटं पुरतात.

आधी लिंक ओळखा

ग्रुपवर येणारी प्रत्येक लिंक चोरीची नसते. कितीतरी जुने मराठी सिनेमे हक्क असलेल्या कंपन्यांनी स्वतःच यूट्यूबवर अख्खे टाकले आहेत. मध्ये जाहिराती लागतात आणि त्यांचे पैसे कंपनीला जातात. म्हणून व्हिडिओ सुरू करण्याआधी चॅनलचं नाव दाबा. नावापुढे खात्रीची खूण आहे का, त्याच कंपनीची गाणी आणि सिनेमे तिथे वर्षानुवर्षं आहेत का, एवढं बघितलं तरी बहुतेक वेळा निकाल लागतो.

चोरून चढवलेला व्हिडिओ तर चित्रावरूनच कळतो. हक्कदारांनी यूट्यूबला मूळ सिनेमाचा नमुना दिलेला असतो आणि नव्यानं चढवलेल्या व्हिडिओचं चित्र, आवाज यंत्रणा त्या नमुन्याशी ताडून बघते. तिला चकवायला चढवणारे चित्र आरशातल्यासारखं उलटं करतात, भोवती रंगीत चौकट लावतात, कडा कापतात, आवाज किंचित पातळ करतात किंवा वेग थोडा वाढवतात. तेव्हा नायक दादरच्या रस्त्यावरून चालत असेल तर त्याच्याकडे न बघता मागच्या दुकानाची पाटी वाचा. अक्षरं उलटी असली, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावत असल्या, म्हणजे समजा.

थिएटरात मोबाइलवर काढलेली प्रिंट ओळखायला डोकं लागत नाही. पडदा तिरका, मध्येच कुणाचं तरी डोकं, विनोदाला खऱ्या प्रेक्षकांचं हसू. डिजिटल प्रक्षेपणात चित्रात आणि आवाजात डोळ्यांना-कानांना न कळणारी खूण मिसळलेली असते. अशा प्रिंटवरून ती कुठल्या थिएटरात, कधी काढली हे शोधता येतं. ओटीटीवरून उचललेली प्रिंट मात्र अगदी स्वच्छ असते. प्रिंट चांगली आहे म्हणजे ती अधिकृत आहे, हा समज इथेच फसतो.

लिंकऐवजी फाइल आली असेल तर तिचं शेपूट आणि वजन बघा. दोन तासांचा सिनेमा बऱ्यापैकी दर्जात साधारण एक ते दीड जीबी भरतो. 'पूर्ण सिनेमा' म्हणून पंधरा एमबीची फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके किंवा ईएक्सई असेल, तर तो सिनेमा नाहीच, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर बसणारा प्रोग्राम आहे. पासवर्ड लावलेली झिप फाइलही उघडू नका. आतला माल तपासणीतून सुटावा म्हणूनच तिला कुलूप असतं.

मग खिडकी शोधा

जस्टवॉच या साइटवर किंवा ॲपमध्ये देश भारत निवडून सिनेमाचं नाव टाका. कुठे वर्गणीत आहे, कुठे भाड्यानं आहे, ते एका पानावर दिसतं. मराठीसाठी मात्र एवढ्यावर थांबू नका. नावांची रोमन स्पेलिंग चार प्रकारची असतात, त्यामुळे देवनागरीत, रोमनमध्ये आणि शेवटी दिग्दर्शकाच्या नावानं असं तीनदा शोधा. झी५, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार आणि फक्त मराठीसाठी असलेलं अल्ट्रा झकास यांच्या ॲपमध्ये वेगळं शोधा. वर्गणी न भरताही बऱ्याचदा शोध घेता येतो.

एकाच सिनेमासाठी वर्षाची वर्गणी भरायची गरज नसते. प्राइम व्हिडिओ आणि यूट्यूबवर काही सिनेमे भाड्यानं मिळतात. पैसे भरल्यावर साधारण ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा. लोक इथेच चुकतात. रात्री अकराला 'जरा बघू कसा आहे' म्हणून पाच मिनिटं लावतात, घड्याळ तिथून सुरू होतं आणि रविवारी बसेपर्यंत मुदत संपलेली असते. घरची सगळी मंडळी जमतील तेव्हाच चालू करा.

नवा सिनेमा असेल तर थांबण्याचाही पर्याय आहे. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी सिनेमा थिएटरात लागल्यापासून ओटीटीवर येईपर्यंत आठ आठवड्यांचं अंतर मागतात. मराठी सिनेमाचं गणित इतकं ठरलेलं नाही. कधी लवकर येतो, कधी वर्षभर येत नाही. थिएटरातच बघायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात जा, कारण दुसऱ्या शुक्रवारी त्याचा खेळ सकाळी साडेनऊला ढकललेला सापडतो. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली दुपारी १२ ते रात्री ९ ही मराठी सिनेमाची प्राइम टाइम वेळ ठरवली, तरी हे होतंच.

जुन्या सिनेमांच्या आणखी काही खिडक्या आहेत आणि त्या फारशा कुणी ठोठावत नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे ओटीटी ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. पेडर रोडला गुलशन महालात भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मुंबईत जगभरचे सिनेमे सभासदांना दाखवतंय. परदेशी सिनेमासाठी टॉरेंट धुंडाळण्याआधी या मंडळाचं महिन्याचं वेळापत्रक बघा.

आणि सिनेमा फारच जुना असेल तर हक्कच संपलेला असू शकतो. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. सोपा हिशेब असा की प्रदर्शनाच्या वर्षात ६१ मिळवा, त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून सिनेमा मोकळा. 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे १ जानेवारी २०१४ पासून मोकळा. तो बघणं, उतरवणं, मावशीला पाठवणं यात काहीच वावगं नाही. पण पटकथा, संवाद, गीतं यांचा हिशेब वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. म्हणून त्यांनी लिहिलेले संवाद घेऊन रंगमंचावर काही करायचं तर २०२९ संपेपर्यंत परवानगी लागते. नुसत्या बघणाऱ्याला ही भानगड नाही.

खिडकी बंद असेल तर

इथेच खरा विचार लागतो, म्हणून इथे घाई करू नका.

कुणाची छत्री उचलली तर तो भिजतो. सिनेमाची प्रत काढली तर निर्मात्याकडचा सिनेमा जागच्या जागी राहतो. तेव्हा 'चोरी' हा शब्द इथे तंतोतंत बसत नाही, हे आधी मान्य करून टाका, नाहीतर वाद शब्दावरच अडतो. जवळचं उदाहरण नाटकाचं आहे. शिवाजी मंदिरात मागच्या दारानं शिरून तुम्ही रिकाम्या खुर्चीत बसलात. खुर्ची रिकामीच जाणार होती, कुणाची जागा गेली नाही. पण प्रयोग उभा राहिला तो तिकीट काढून बसलेल्यांच्या जिवावर, आणि तुम्ही त्यांच्या पैशात नाटक बघितलंत. बाहेर खिडकी उघडी होती आणि खिशात पैसे होते, तर ही लबाडी झाली. खिडकीच नव्हती, तर गोष्ट बरीच बदलते.

मग हा निकष एकेका सबबीला लावून बघा.

'मी तसंही तिकीट काढलं नसतं.' काही वेळा हे खरं असतं. तपासायचं असं की गेल्या तीन महिन्यांत चोरून बघितलेल्या सिनेमांची यादी करा आणि त्यातले किती रीतसर मिळत होते त्यावर खूण करा. निम्म्याहून जास्त खुणा झाल्या तर ही सबब नाही, सवय आहे.

'निर्माते कोट्यधीश आहेत.' काही असतील, पण पैसे अडतात कुणाचे ते बघा. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला आणि तडजोडीत वाटा ठरला: करवजा उत्पन्नातून पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के निर्माता-वितरकाच्या बाजूला. म्हणजे निर्मात्याच्या हातात सर्वांत जास्त पडतं ते पहिल्या आठवड्यात, आणि मोबाइलवर काढलेली प्रिंट फिरते तीही नेमकी त्याच आठवड्यात. मोठ्या हिंदी सिनेमाला हा ओरखडा असतो. ज्या मराठी सिनेमाला दुसरा आठवडा मिळायचाच नाही, त्याची सगळी कमाईच त्या सात दिवसांत असते. म्हणून मराठी, छोटा, नुकताच लागलेला सिनेमा चोरून बघू नये म्हणजे नाहीच.

याच्या उलट बाजूनं एक थाप मारली जाते, तीही सोडून द्या. 'पायरसीमुळे स्पॉटबॉयचं पोट मारलं जातं' असं सरसकट सांगितलं जातं. रोजंदारीवरच्या माणसाची या सिनेमाची मजुरी चित्रीकरणाच्या वेळीच ठरलेली असते, तुमच्या बघण्यानं ती कमी होत नाही. बुडतो तो पुढचा सिनेमा, जो निर्माता उभाच करत नाही. गीतकार-संगीतकारांचं मात्र थेट नुकसान होतं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांना थिएटराबाहेरच्या वापरातून मानधनाचा असा वाटा दिला आहे, जो करारात लिहूनही सोडून देता येत नाही. रीतसर ओटीटीवर वाजलेल्या गाण्यातून त्यांचा हक्क तयार होतो, टेलिग्रामवर वाजलेल्या गाण्यातून शून्य.

'मिळतच नाही.' ही सबब सर्वांत बळकट आहे. नव्वदच्या दशकातला एखादा मराठी सिनेमा ना ओटीटीवर, ना सीडीवर, ना हक्कदाराच्या चॅनलवर. कुणीतरी जुनी व्हीएचएस टेप चढवून ठेवली आहे. आमचं मत सरळ आहे. असा सिनेमा बघितल्यानं कुणाचा रुपया अडत नाही, बघा. पण तीन अटींवर. वर सांगितलेला तिहेरी शोध खरंच घेतलेला असावा. तो चढवणाऱ्याला पैसे देऊ नयेत. आणि सिनेमाच्या सुरुवातीला येणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर अर्जदाराचं आणि निर्मात्याचं नाव असतं. त्या कंपनीला दोन ओळी लिहा: 'हा सिनेमा विकत बघायला तयार आहोत, कुठे आहे?' उत्तर येईलच असं नाही. पण खिडकी बंद आहे की तुम्हीच गेला नाहीत, हे तरी त्यातून कळतं.

ताईचा पासवर्ड वापरणं आणि व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून तिथलं दालन बघणं, हे दोन्ही कंपनीशी केलेल्या कराराचे भंग आहेत. त्यात पैसे कमी पोचतात, पण कुणीतरी वर्गणी भरलेली असते. यांना पायरसीच्या रांगेत बसवू नका. नेटफ्लिक्सनं जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेरच्यांसाठी पासवर्ड बंद केला, म्हणजे तो प्रश्न कंपनीनंच सोडवला.

सर्वांत वाईट प्रकार बिनदिक्कत चालतो, तो म्हणजे चोराला पैसे देणं. 'वर्षभर सगळे चॅनल, सगळे ओटीटी' म्हणून कुणीतरी बॉक्स बसवून देतो, यूपीआयवर पैसे घेतो, पावती देत नाही. इथे 'माझ्याकडे पैसे नव्हते' हेही म्हणता येत नाही. पैसे होते, फक्त भलत्याला दिले. रीतसर विक्रेता असेल तर कंपनीच्या नावाची करासह पावती देतो. पावती मागा, दोन मिनिटांत उलगडा होतो.

बघणं आणि वाटणं यांतली रेघ

कायदाही हीच रेघ मारतो. २०१६ साली एका हिंदी सिनेमाच्या दाव्यात, बंद केलेल्या वेबपानांवर 'बघणंसुद्धा गुन्हा' अशा अर्थाची सूचना झळकत होती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती खोडली. नुसतं बघणं हा गुन्हा नाही. हक्कदाराला बाधेल असं वाटप, जाहीर प्रदर्शन, विक्री, भाड्यानं देणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. थिएटरात कॅमेरा चालवणाऱ्याला सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं किमान तीन महिने कैद आणि किमान ३ लाख दंड होतो. दंड निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. गमतीनं क्लायमॅक्सची रील काढून स्टेटसला लावणारी मुलं याच कलमाच्या तोंडाशी उभी असतात, त्यांना हे सांगाच.

टॉरेंटवाल्यांची गफलत इथेच होते. टॉरेंटमध्ये सिनेमा एका जागेवरून येत नाही. तुकडे येतात आणि आलेला प्रत्येक तुकडा तुमचा कॉम्प्युटर त्याच वेळी दुसऱ्यांना देत असतो. उतरवून झाल्यावरही प्रोग्राम बंद करेपर्यंत देतच राहतो. म्हणजे 'मी फक्त बघतो' असं म्हणणारा माणूस रात्रभर वाटप करत असतो आणि त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, त्या जाळ्यातल्या सगळ्यांना दिसत असतो. ब्राउझरच्या खासगी खिडकीनं यात काहीही झाकलं जात नाही. व्हॉट्सॲपवर फाइल पुढे ढकलणं आणि टेलिग्रामवर पुन्हा चढवणं हेही वाटपच. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये क्लासचं साहित्य वाटणाऱ्या चॅनलचालकांची माहिती टेलिग्रामला द्यायला लावली होती. नोट्सचे पीडीएफ ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक अपवाद मोठा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. दृष्टिहीन किंवा अपंग व्यक्तीला वाचता-ऐकता यावं म्हणून पुस्तक किंवा सिनेमा त्यांच्या सोयीच्या रूपात करून देणं, त्यांच्यात वाटणं, याला २०१२ पासून कायद्यातच सूट आहे. आजोबांसाठी पुस्तक ध्वनिमुद्रित करताना घाबरायचं कारण नाही.

लिंक टाकणाऱ्या काकांना काय सांगायचं

कायद्याची कलमं टाकू नका, ग्रुप तापतो. रीतसर खिडकी आधीच शोधून ठेवा आणि लिहा, 'काका, हा झी५ वर आलाय, तिथली लिंक देतो. ही जी आहे त्यात मध्ये जुगाराच्या ॲपच्या जाहिराती आहेत, मुलं बघतील.' दुसरं वाक्य जास्त लागू पडतं आणि ते खोटंही नाही. या साइट चालतात त्या बऱ्याच अंशी सट्टेबाजीच्या जाहिरातींवर. चोरीच्या लिंकची तक्रार माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या आणि सेन्सॉर बोर्डाच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे करता येते. खरी ठरली तर संबंधित प्लॅटफॉर्मला ४८ तासांत मजकूर काढावा लागतो. तुम्ही हक्कदार नसाल तर तक्रारीची आधी शहानिशा होते, म्हणून लिंक, वेळ आणि स्क्रीनशॉट तिन्ही जोडा.

ॲप टाकून बसला असाल तर

'सिनेमा बघायला हे ॲप घ्या' म्हणून आलेली एपीके फाइल बसवली आणि तिनं एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचं सगळं वाचू देणारी) परवानगी मागितली असेल, तर तुमचे ओटीपी तिसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. पहिलं काम, फोन विमान मोडवर टाका. ॲप काढा. 'अनइन्स्टॉल' बटण फिकट दिसलं आणि दाबलं जात नसलं तर सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲप शोधून तिथला त्याचा अधिकार काढा, मग ते निघतं. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. त्याच फोनवरून बदलले तर नवे पासवर्डही चोराच्याच हातात जातील. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे तास मोजले जातात.

गच्चीवर सिनेमा लावायचा असेल तर

गणपतीत मंडळ पडदा लावतं, कुणाचं तरी ओटीटी प्रोजेक्टरला जोडतं आणि सगळ्यांना वाटतं, वर्गणी भरलीय म्हणजे झालं. ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. शंभर माणसांसमोर लावणं हे जाहीर प्रदर्शन आहे, तिकीट नसलं तरी. निदान महिनाभर आधी निर्मात्याला पत्र लिहा. त्यात तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक, तिकीट नाही आणि प्रायोजक आहे की नाही, एवढं असू द्या. प्रायोजक लपवू नका, परवानगी त्यावरच अडते. मराठीतले छोटे निर्माते अशा पत्राला बऱ्याचदा माफक रकमेत किंवा नुसत्या आभारावर होकार देतात, कधी दिग्दर्शकालाच पाठवतात. होकार लेखी घ्या, ईमेल चालतो. त्याची छापील प्रत प्रोजेक्टर चालवणाऱ्या मुलाच्या खिशात ठेवा, कारण कुणी विचारायला आलं तर आधी त्यालाच गाठतात.